तिघांची हलगी, तीनशेंचा ढोल

2024 सालच्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने गणेशोत्सवातील ढोल-ताशा-झांज पथकांवर एक बंधन घातले. एका पथकात तीसपेक्षा अधिक वादक नसावेत, असे ते बंधन होते. 12 सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि पथकांचा जीव भांड्यात पडला. आवाजाची मर्यादा किती असावी हा कायद्याचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे. त्याची चर्चा येथे करण्याचा आमचा मानस नाही. आम्हांला खटकला तो त्या दिवसांत वारंवार कानांवर आलेला एक युक्तिवाद. तीस जणांत वादन रंगणार कसे, असा तो होता. आणि तो करणाऱ्यांमध्ये कलेची जाण असलेले, वादनस्पर्धांचे परीक्षण करणारे लोकही होते.

या सज्जनांनी कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानात एकदा जाऊन बसावे. तेथे हलगी, घुमके आणि कैताळ अशी तीन वाद्ये वाजतात. वाजविणारी माणसे तीन, पाहणारी हजारो. पैलवान एकमेकांचा अंदाज घेत फिरत असतात तोवर ठेका संथ असतो. झोंबी जुंपली की लय चढते, डाव अडला की हलगी त्याच जागी घुटमळते, आणि पाठ मातीला लागण्याच्या क्षणी ती अशी काही कडाडते की मागच्या रांगेत ज्याला काही दिसत नाही त्यालाही निकाल कळतो. वादकाची नजर आखाड्यावरून हलत नाही. त्याच्या हातांत एक आखूड जाड टिपरू आणि एक बारीक लवचीक काडी, एवढीच सामग्री. सहाशे हातांनी जे साधत नाही ते हे सहा हात साधतात, कारण प्रत्येक ठोका कोणीतरी ऐकणार आहे हे गृहीत धरूनच तो मारलेला असतो.

हा विषय आम्ही आज काढला त्याचे कारण जवळचे आहे. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील आमच्या उमरीच्या परिसरातही अलीकडे ढोल-ताशा, लेझीम आणि हलगी यांच्या स्पर्धा भरू लागल्या आहेत. मंडप असतो, ढाल असते, रोख बक्षीस असते, पाहुण्यांचे सत्कार तर असतातच असतात. आम्हांलाही तीन-चार वेळा परीक्षकांच्या टेबलामागे बसविण्यात आले. पाद्री माणूस पक्षपात करणार नाही अशी आयोजकांची समजूत असावी. तेथे बसून जे पाहिले त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, या स्पर्धांत सध्या दोन मते नांदत आहेत, दोन्ही एकमेकांस शत्रू मानतात, आणि दोन्ही एकाच गोष्टीवर उभी आहेत. ती गोष्ट म्हणजे श्रोत्याविषयीचा अनादर.

पहिले मत ‘लोकांना हेच हवे असते’ असे म्हणणाऱ्यांचे. पथक मैदानात उतरते, चार आवर्तने कशीबशी वाजविते आणि लगेच ‘झिंगाट’च्या ठेक्यावर येते. ‘सैराट’ 2016 साली आला. त्यानंतर इतकी वर्षे लोटली तरी हा उपाय अजून रामबाण आहे. मैदान नाचू लागते, शिट्ट्या होतात, पथकप्रमुख विजयी मुद्रेने परीक्षकांकडे पाहतो. परंतु ती टाळी कोणाची? ती अजय-अतुल यांची आहे. पथकाने ती उसनी आणली आणि स्वतःच्या नावावर जमा केली. पुण्यातल्या पथकांतही ‘रामलखन’ नावाचा ठेका वर्षानुवर्षे वाजतो आहे. त्या नावाचा चित्रपट 1989 सालचा. चित्रपटगीत वाजवू नये असे आमचे म्हणणे नाही. बँडवाल्यांनी ते सदैव वाजविले आणि लग्नघरांना आनंद दिला. पण बँडवाला स्पर्धेत कलावंत म्हणून गुण मागत नव्हता. जो स्पर्धेत उतरतो त्याने श्रोत्याला त्याच्याजवळ नसलेले काही द्यावयाचे असते. आधीच त्याच्या खिशात असलेला रुपया काढून पुन्हा त्याच्याच हातावर ठेवणे याला दान म्हणत नाहीत.

दुसरे मत अधिक सुशिक्षित आहे आणि म्हणून अधिक चिवट. ‘लोकांना कळत नाही’ हे त्याचे ब्रीद. एका वर्षी पुण्यात शिकणाऱ्या आमच्याच भागातील काही मुलांनी मोठ्या कष्टाने एक कार्यक्रम बसविला होता. सात मात्रांची रचना, मध्येच पूर्ण निःशब्दता, मग ताशाची तर्री एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत जाते, असा सारा देखणा बेत होता. आम्हांला तो आवडला. मैदानावरची माणसे मात्र चौथ्या मिनिटाला भज्यांच्या गाड्याकडे वळू लागली. कार्यक्रम संपल्यावर मुले खट्टू होऊन म्हणाली, “फादर, हे पुण्यात केले असते तर लोकांनी डोक्यावर घेतले असते. इथे सात मात्रा कोणाला कळणार?”

आम्ही त्यांना तेव्हा जे सांगितले ते येथे विस्ताराने सांगतो. सात मात्रा उमरीला कळत नाहीत हे साफ खोटे आहे. रूपक ताल सात मात्रांचाच आहे. भजनात बसणारा, शाळेचे तोंड न पाहिलेला म्हातारा तो ताल नाव न घेता तोलतो आणि समेवर नेमकी मान हलवितो. बरे, रूपकाची गंमत अशी की त्याची समच खाली आहे. जेथे जोराचा आघात अपेक्षित, तेथे पोकळी. म्हणजे मुलांना जी निःशब्दता आधुनिक वाटत होती ती त्या म्हाताऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो. तेथे रात्रभर बसणारे श्रोते कोण असतात? शेतकरी, मजूर, गुरांच्या बाजाराला आलेली माणसे. ढोलकीवाला एका मात्रेने घसरला तर त्यांच्यातून जो आवाज उठतो तो ऐकावा आणि मग ग्रामीण श्रोत्याच्या अज्ञानाविषयी बोलावे.

मग ती माणसे उठून का गेली? कारण त्यांना पाय ठेवायला जागाच दिली गेली नाही. स्पर्धेतील वादनाची एक अडचण आहे आणि तिचा विचार दोन्ही मतांचे लोक करीत नाहीत. अभंग माणूस जन्मभर ऐकतो. आवडत्या नाटकाला तो पुन्हा जातो. स्पर्धेतील दहा मिनिटांचा कार्यक्रम मात्र तो एकदाच ऐकतो. परीक्षकाला रचनेची टिपणे आधी मिळालेली असतात, वादकाने ती शंभर वेळा वाजविलेली असते. एकट्या श्रोत्याची ती पहिली आणि शेवटची भेट असते. नवे काही ऐकवावयाचे तर ते कशापासून वेगळे आहे हे त्याच्या कानांना आधी ठाऊक हवे. मुलांनी पहिल्या ठोक्यापासूनच ठेका मोडला. मोडण्यापूर्वी तो उभा करावा लागतो, तीन-चार आवर्तने सरळ, कंटाळा यायच्या आत पण अंगात भिनेपर्यंत. मग तुम्ही सातांच्या साडेसात करा, श्रोता तुमच्यामागे येईल. कारण आता काय चुकविले गेले हे त्याला समजते.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत पितळी वाद्ये आणि ढोल वाजवीत मैदानावर संचलन करणारी तरुणांची पथके असतात. ‘ड्रम कोअर’ असे त्यांचे नाव. उन्हाळ्याच्या सुटीत ती गावोगावी स्पर्धा करीत हिंडतात आणि 1972 पासून त्यांचे राष्ट्रीय अजिंक्यपद भरते. त्यांतील काही जुनी पथके चर्चच्या अंगणात जन्मली हे वाचून आमच्या वाचकांना मौज वाटेल. न्यू जर्सीतील गारफिल्ड येथील होली नेम धर्मग्रामात 1934 साली निघालेले पथक पुढे ‘कॅडेट्स’ या नावाने विख्यात झाले आणि 2024 साली बंद पडले.

1993 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे अंतिम फेरीत या कॅडेट्सची गाठ ‘स्टार ऑफ इंडियाना’ या पथकाशी पडली. स्टारने दोनच वर्षांपूर्वी, 1991 मध्ये, अजिंक्यपद जिंकले होते. या खेपेस त्यांनी सॅम्युअल बार्बर आणि बेला बार्टोक या विसाव्या शतकातील संगीतकारांचे कठीण, कर्कश, टाळीला जागा न देणारे संगीत निवडले. संचलनही तसेच काटेकोर आणि विक्षिप्त. प्रेक्षकांत उभी फूट पडली. कित्येकांना ते थंड आणि उर्मट वाटले. निकाल लागला तेव्हा कॅडेट्सना 97.4 गुण होते आणि स्टारला 97.3. त्यानंतर स्टार पुन्हा स्पर्धेच्या मैदानात उतरले नाही.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच मंडळींनी काही वर्षांनी ‘ब्लास्ट’ नावाचा रंगमंचीय प्रयोग उभा केला. तो 1999 साली लंडनला आणि 2001 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आला. त्याला टोनी पारितोषिकही मिळाले. त्या प्रयोगाचा पहिला अंक बार्बरच्या ‘मेडिआ’वर संपत असे, म्हणजे 1993 मध्ये ज्यावरून भांडणे झाली त्याच संगीतावर. आता तिकीट काढून आलेले सामान्य लोक त्याला टाळ्या देत होते. श्रोते रातोरात शहाणे झाले काय? आमच्या मते उत्तर त्या प्रयोगाच्या आरंभात आहे. पडदा उघडे तो राव्हेलच्या ‘बोलेरो’वर. 1928 सालच्या या रचनेत एकच ताल छोट्या ढोलावर अथपासून इतिपर्यंत अखंड वाजत राहतो, त्यावर त्याच त्या सुरावटी फिरून फिरून येतात, आणि बदलतो फक्त वाद्यांचा रंग. ज्याला संगीतातले काही कळत नाही त्याचाही पाय पाच मिनिटांत हलू लागतो. कान असा तयार झाला, मध्ये आणखी काही हलके-गंभीर तुकडे झाले, आणि मग ‘मेडिआ’ आले. संगीत तेच होते. त्याच्यापर्यंत जाणारी वाट या वेळी बांधलेली होती.

आमच्या स्वतःच्या परंपरेला ही युक्ती शिकविण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात अवघड तत्त्वविचार मांडतो, तो मांडतानाही श्रोत्याच्या ओठांवरचाच अभंग निवडतो, आणि उत्तररंगात कथा लावून तोच विचार गळी उतरवितो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने 1616 साली राचोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. विषय श्रोत्यांना सर्वस्वी नवा, आवाका प्रचंड. छंद मात्र त्यांच्या कानांतला. ओवी न घेता त्यांनी लॅटिन वृत्ते घेतली असती तर विद्वानांनी वाखाणणी केली असती आणि साष्टीच्या वाड्यांत कोणी ते पुराण म्हटले नसते. आणि ओवी घेतली म्हणून त्यांची महत्त्वाकांक्षा तसूभरही लहान झाली, असे म्हणावयास कोणी धजणार नाही.

इतके झाल्यावर आम्ही परीक्षकांकडे वळतो. आमचा खरा तंटा त्यांच्याशी आहे. अमेरिकेतील त्या स्पर्धांत आज 100 पैकी 40 गुण ‘समग्र परिणामा’साठी ठेवलेले असतात. परिणाम कोणावर? मोजतात ते परीक्षक. आमच्याकडेही गुणपत्रिकेत ‘प्रभाव’ असा एक रकाना असतो. त्याच्या शेजारी गणवेश, शिस्त, संचलन, वादकसंख्या. प्रभाव मोजण्याचे काम तीन माणसांकडे सोपविले की समोरची दोन हजार माणसे शोभेपुरती उरतात, आणि पथके त्या तिघांना काय आवडते याचा अभ्यास करू लागतात. एखाद्या परीक्षकाला भव्यता आवडते हे ठरले की पुढच्या वर्षी वीसांचे पथक साठांचे होते. साठांचे पुढे तीनशेंचे होण्यास वेळ लागत नाही. न्यायालयाच्या दारी गेलेला संख्येचा प्रश्न मुळात असा गुणपत्रिकेवर जन्मला आहे, असा आमचा आरोप आहे.

पुण्याच्या पथकांना आम्ही सरसकट नावे ठेवीत नाही. 1962 साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने आप्पा पेंडसे यांच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांना शिस्तीने वादनात उतरविले. त्यापूर्वी मिरवणुकीत वाजविण्यास मुळशी-मावळकडच्या गावांतून ढोल-लेझीमवाले येत असत. शिकलेल्या मुलामुलींनी ढोल कमरेला बांधला, मुली बरोबरीने वाजवू लागल्या, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्या चळवळीतून जो नमुना तयार झाला, पांढरा सदरा, फेटा, रांगा, ध्वज, तोच उत्तम वादनाचा निकष म्हणून तालुक्यातालुक्यांत पोहोचला. आणि तेथे त्याची गाठ हलगीशी पडली.

हलगी येथे काय आहे हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. मातंग समाजाच्या गळ्यात ती गावकीने अडकविली. लग्नात वाजवा, मयताच्या पुढे वाजवा, दवंडीला वाजवा; मोबदला भाकरतुकडा, आणि मानाच्या जागी अपमान. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबांनी हे सोसले आहे. अनेकांनी पुढे हलगी खुंटीला टांगली ती स्वाभिमानाने, आणि योग्य केले. ज्यांनी ती टाकली नाही त्यांच्यावर आधी बँजो पार्टीने आणि मग डीजेच्या भिंतींनी पाळी आणली. गोदावरीच्या पलीकडे, तेलंगणात, याच घराण्यातील वाद्याला डप्पू म्हणतात. वेगळ्या राज्याच्या आंदोलनात सभा आणि मिरवणुका या डप्पूवर चालल्या, 2014 साली राज्य झाले, आणि उपेक्षितांचे ते वाद्य एका प्रदेशाची निशाणी होऊन बसले. आपल्याकडे मात्र हलगी स्पर्धेत आली ती गुणपत्रिकेच्या तळाशी जाण्यासाठी.

हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका वर्षी चार हलगीवाले आले, सर्वांत धाकटा पन्नाशीचा. चामडे सैल होते म्हणून त्यांनी मैदानाच्या कडेला काटक्यांचा जाळ करून हलग्या शेकल्या. हे दृश्यच पुष्कळांना गमतीचे वाटले. मग त्यांनी वाजवावयास घेतले. लग्नाची चाल आली, मयताची आली, आणि दोहोंच्या मध्ये त्यांनी असा एक सांधा ठेवला होता की एक ठेका दुसऱ्यात कोठे विरघळला हे कळू नये. गर्दीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. आमच्या कानांनी ऐकलेली त्या दिवसाची सर्वांत धाडसी रचना ती होती, आणि सर्वांत लोकप्रियही तीच ठरली. आम्ही दिले तेवढे गुण दिले. इतर दोघा परीक्षकांच्या कागदांवर गणवेशाला शून्य, संचलनाला शून्य, संख्येला दोन. ढाल गेली ‘झिंगाट’ वाजविणाऱ्या पथकाकडे. हलगीवाल्यांना उत्तेजनार्थ म्हणून एक शाल आणि नारळ मिळाला. येण्याजाण्याचे भाडे त्यांनी पदरचे घातले होते.

यावर आम्हांला असे ऐकविण्यात आले की, नियम सर्वांना सारखे असतात. खरे आहे. साठ फेट्यांचा खर्च ज्याला परवडतो त्याला आणि ज्याच्याकडे दुसरा सदरा नाही त्याला नियम अगदी सारखे होते. दुसराही एक आक्षेप आला: शिस्तीला गुण नकोत काय? हवेत. परंतु चार माणसे एका ठोक्याचाही फरक न पडता वाजवितात ती शिस्त नव्हे काय? ती कानांनी मोजावयाची की कापडाने?

आमच्या भागातील आयोजकांची पुढच्या हंगामाची बैठक पोळ्याच्या सुमारास होते. त्यांच्यापुढे आम्ही लेखी मागण्या ठेवणार आहोत. गणवेश आणि वादकसंख्या हे दोन रकाने गुणपत्रिकेतून काढावेत. अंतिम फेरीतील प्रत्येक पथकाने आपली रचना दोनदा वाजवावी, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर, आणि गुण दुसऱ्या वादनानंतरच द्यावेत, म्हणजे सात मात्रांच्या मुलांनाही न्याय मिळेल आणि उसन्या टाळीचा फुगाही दुसऱ्या खेपेस किती टिकतो ते दिसेल. परीक्षकांचे टेबल मंचावरून काढून मैदानात, लोकांच्या मधोमध मांडावे. तिघांपैकी एक परीक्षक हलगी किंवा संबळ वाजविण्यात आयुष्य घालविलेला असावा. त्याला सही करता येत नसेल तर अंगठा चालेल. आणि बोलाविलेल्या प्रत्येक वादकाचे भाडे व दिवसाची मजुरी बक्षिसाच्या रकमेतून आधी बाजूला काढावी. यावर्षी सत्काराच्या शालींवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात हे भागते, असा हिशेब आम्ही करून पाहिला आहे आणि तो बैठकीत सोबत नेणार आहोत. ज्या वाचकांना या मागण्या मान्य असतील त्यांनी त्या दिवशी येऊन मागच्या बाकांवर बसावे.